पेशींचा संवाद ऐकणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या एक मावशी राहत असत. छातीतली गाठ त्यांनी वर्षभर कुणाला सांगितली नाही. आधी लाजेने आणि मग भीतीने. रोगाचे नाव कळले तेव्हा शेजारपाजारच्यांनी त्यांचा चहाचा कप वेगळा ठेवला. हा रोग शिवल्याने होतो, आईच्या दुधातून लेकीला जातो, असे जो तो सांगू लागला. मावशी गेल्या. तेराव्याच्या दिवशी त्यांच्या लेकीने मला बाजूला घेऊन विचारले, की ती आईचे दूध पिऊन वाढली, तेव्हा तिलाही हा रोग होणार का? गल्लीतून कॉलेजात जाणारी मी एकटीच, म्हणून तिने मला विचारले. मी कलाशाखेची. मला उत्तर आले नाही. ते शोधण्यासाठी ग्रंथालयात बसले आणि तेथे मला कै. डॉ. कमल रणदिवे भेटल्या. त्यांचे चरित्र वाचताना मला माझ्या प्रश्नाचे उत्तर तर मिळालेच, पण प्रश्न विचारावा कसा, हेही समजले.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. आईचे नाव शांताबाई. मुलींनाही उत्तम शिक्षण मिळालेच पाहिजे, असा वडिलांचा आग्रह. हुजूरपागेतील शिक्षण संपल्यावर लेकीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टराशीच लग्न करावे, असे त्यांच्या मनात होते. परंतु कमलताईंचे मन वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांत रमले. फर्ग्युसनमधूनच त्या विशेष प्रावीण्यासह बी. एस्सी. झाल्या. १९३९ साली त्यांचा विवाह गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी झाला. त्या काळी लग्न म्हणजे बहुतेक मुलींच्या शिक्षणाला पूर्णविराम. पण येथे तसे झाले नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली त्यांनी एम. एस्सी. पूर्ण केले. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी आणि गुणसूत्रे. आपल्या सोलापूरच्या माळावर कमी पाण्यात तग धरणाऱ्या सीताफळापासून कमलताईंचा पेशींशी परिचय सुरू झाला, हे वाचून मला मौज वाटली आणि अभिमानही.

विवाहानंतर त्या मुंबईस आल्या. तेथे १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले होते. त्याच्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. तंबाखू खाण्याची सवय आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधावर मोलाचे संशोधन करणारे हे थोर विकृतिशास्त्रज्ञ. कमलताई त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागल्या आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. ही पदवी दिली. १९५२ मध्ये खानोलकरांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. कमलताईंचे पुढील सारे आयुष्य या केंद्राशी जोडले गेले.

त्यांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी कर्करोग म्हणजे काय, हे आधी थोडक्यात पाहिले पाहिजे. आपल्या देहातील कोणतीही पेशी एकटी जगत नाही. दूरच्या ग्रंथींतून निघालेली संप्रेरके रक्तातून निरोप आणतात. शेजारच्या पेशी रसायने सोडून किंवा परस्परांना जोडणाऱ्या सूक्ष्म वाटांनी निरोप देतात. केव्हा वाढायचे, केव्हा थांबायचे, केव्हा मरायचे हे पेशी अशा निरोपांवरून ठरवते. कर्करोगाच्या पेशीत हा व्यवहार बिघडलेला असतो. थांबण्याचा निरोप ती ऐकत नाही, आणि कधी वाढण्याचा निरोप कुणी दिलेला नसतानाही वाढतच राहते.

स्तनातील पेशींचा हा व्यवहार कशाने बिघडतो, हा कमलताईंच्या अभ्यासाचा विषय. त्यासाठी त्यांनी उंदरांचे निरनिराळे वंश निवडले. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ साली एक विलक्षण गोष्ट दाखवली होती. ज्या वंशातील बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होई, त्या वंशाची पिले जन्मताच निरोगी वंशाच्या मादीच्या अंगावर पाजली, तर त्यांच्यातील रोगाचे प्रमाण एकदम उतरे. म्हणजे दुधात काहीतरी होते. ते काहीतरी म्हणजे एक विषाणू, हे पुढे सिद्ध झाले. परंतु केवळ विषाणू असून भागत नाही; आनुवंशिक घडण आणि संप्रेरके यांचाही त्यात हात असतो. गर्भारपणी संप्रेरके वाढली, की सुप्त विषाणूही जोर धरतो. संप्रेरके, अर्बुद निर्माण करणारे विषाणू आणि कर्करोगास बळी पडण्याची प्रवृत्ती यांचा परस्परसंबंध ओळखणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत कमलताईंची गणना होते.

पीएच. डी. नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवून वाढवणे, म्हणजेच ऊतिसंवर्धन, ही त्या प्रयोगशाळेची ख्याती. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी १९५१ साली तेथेच प्रथम वाढवण्यात आल्या. तिची परवानगी मात्र कुणी घेतली नव्हती, आणि त्याच वर्षी ती वारली. तिच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत.

हे तंत्र शिकून कमलताई परदेशात राहिल्या नाहीत. परत येऊन मुंबईत त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. पेशींना लागणारे पोषक द्रव त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथेच तयार केले. कर्करोगाची निर्मिती, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र असे तीन नवे विभाग त्यांनी घडवले. परदेशी गेलेल्या आपल्या तरुण शास्त्रज्ञांनी मायदेशी परतावे, यासाठी त्या झटत. डॉ. बापट व डॉ. खानोलकर यांच्यासमवेत त्यांनी कुष्ठरोग्याच्या शरीरातून एक जंतू वेगळा करून वाढवला. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून पुढे कुष्ठरोगाविरुद्धच्या एका लशीचा मार्ग निघाला. १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या प्रभारी संचालकपदाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली.

याच १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये लोवेनस्टाइन आणि कान्नो या शास्त्रज्ञांनी दाखवले, की यकृताच्या निरोगी पेशी परस्परांशी जोडलेल्या असतात, पण त्यांनी तपासलेल्या यकृताच्या कर्करोगातील पेशींत ही देवाणघेवाण तुटलेली होती. आणि १९८२ साली तर उंदरांच्या त्या दुधातल्या विषाणूचेच एक मोठे कोडे सुटले. सॅन फ्रान्सिस्कोत नुसे आणि वारमस यांना दिसले, की हा विषाणू पेशीतील एका विशिष्ट जनुकाशेजारी जाऊन बसतो आणि ते जनुक नको तेव्हा जागे होते. हे जनुक जे प्रथिन घडवते, ते एका पेशीचा निरोप दुसऱ्या पेशीपर्यंत नेणारे असते, हे पुढील काही वर्षांत उलगडले. ज्या विषाणूचा कमलताईंनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तो पेशींच्या आपसातील बोलण्यातच ढवळाढवळ करत होता! त्याच १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले, हा एक सुंदर योगायोग.

परंतु प्रयोगशाळा म्हणजेच जग, असे कमलताईंनी मानले नाही. १९७३ साली अकरा सहकारी स्त्रियांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. हुशार मुलगी घर आणि मूल सांभाळताना विज्ञानापासून दूर जाते, हे त्या पाहत होत्या. म्हणून या संघटनेने नवी मुंबईत वाशी येथे वसतिगृह आणि पाळणाघर चालवले. निवृत्तीनंतर त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात गेल्या आणि सत्यनिकेतन या संस्थेच्या साहाय्याने आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली. खेड्यातील स्त्रियांना आरोग्याची माहिती देण्याचे कामही त्यांनी केले. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. दोनशेहून अधिक शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत.

आता मावशींच्या लेकीचा प्रश्न. उंदराच्या दुधातून विषाणू जातो, हे खरे. पण उंदरात जे घडते ते जसेच्या तसे माणसात घडते, असे मानता येत नाही. आईच्या दुधातून मुलीला स्तनाचा कर्करोग होतो, असे दिसून आलेले नाही; आणि शिवल्याने किंवा एका कपातून चहा प्यायल्याने तर तो मुळीच होत नाही. काही घराण्यांत सदोष जनुक पिढ्यान्‌पिढ्या उतरते, पण स्तनाच्या कर्करोगात अशा रुग्णांचे प्रमाण सुमारे ५ ते १० टक्के आहे. आईला हा रोग झाला असेल, तर लेकीला धोका थोडा अधिक असतो, हे मात्र लपवू नये. म्हणून तिने घाबरून जाऊ नये, आणि गाफीलही राहू नये. वेळेवर तपासणी करावी आणि गाठ हाताला लागली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. आपल्याच जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. घरोघरच्या लोकांशी बोलल्यावाचून अशी नोंद होत नाही.

परवा मी मावशींच्या लेकीकडे जाऊन हे सारे सांगितले. ती पुष्कळ वेळ गप्प होती. मग तिने चहा केला आणि आम्ही दोघी प्यायलो. पुढच्या सोमवारी तिच्यासोबत दवाखान्यात जायचे ठरले आहे. ज्या शहाण्या बाईने पेशींचे बोलणे ऐकण्यात आयुष्य वेचले, तिच्या चरित्रातून मी एवढेच शिकले, की जेथे बोलणे थांबते तेथे रोग वाढतो. आमच्या गल्लीतही नेमके तेच झाले होते.