पुरुषांपुढे आरसा धरणारी ताराबाई

तुळशीचे लग्न लागले की घरोघरी मुलगी पाहण्याचे कार्यक्रम सुरू होतात. रंग, उंची, नाक, केस सारे न्याहाळले जाते. वधू पाहिजेच्या जाहिरातीत मुलगी गोरी आणि सडपातळ हवी असते. मुलाच्या सुटलेल्या पोटाविषयी मात्र त्यात अवाक्षर नसते. हा दुटप्पीपणा १८८२ मध्येच चव्हाट्यावर मांडणारी बाई आपल्या वऱ्हाडातलीच होती. तिचे नाव ताराबाई शिंदे.

अकोल्याहून खामगावमार्गे घाट चढून गेले की बुलढाणा लागते. तिथे १८५० च्या सुमारास ताराबाईंचा जन्म झाला. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत मुख्य कारकून होते. सत्यशोधक विचारांच्या या पित्याने लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. लग्न लवकर झाले. जावई घरातच राहिला. मूलबाळ झाले नाही.

१८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःचे अर्भक मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. पण त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक झाली. ताराबाईंना ते सहन झाले नाही. त्यांनी लेखणी उचलली आणि 'स्त्री पुरुष तुलना' लिहिले. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात पाचशे प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे.

जुन्या श्लोकातील स्त्रीदोषांची यादी घेऊन त्यांनी एकेक दोष पुरुषांतच कसा अधिक आहे, ते दाखवले. कथा-नाटकांत बाई रंगवायची ती मोहात पाडणारी किंवा कपटी, ही लेखकांची खोडही त्यांनी सोडली नाही. बायको कुरूप निघाली तर नवऱ्याला ती नकोशी होते. मग नवरा तसाच असेल तर तिला तो का आवडावा, हा त्यांचा रोखठोक सवाल होता. बायको गेलेला पुरुष पुन्हा बोहल्यावर चढतो आणि विधवेचे मात्र केस उतरवून, दागिने काढून तिला कोपऱ्यात बसवतात, याची त्यांना चीड होती. बाईचे रूप हे बाईचे नसून पाहणाऱ्याच्या मालकीचे, हा समजच त्यांना खोडून काढायचा होता.

पुस्तकावर टीकेचा भडिमार झाला. जोतिराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकातून त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. १९१० च्या सुमारास त्या गेल्या आणि पुस्तकही विस्मरणात गेले.

१९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. योगायोग असा, की त्याच वर्षी गोरेपणा विकणारी 'फेअर अँड लव्हली' ही क्रीम बाजारात आली. सावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही, स्थळ मिळत नाही, असे तिच्या जाहिराती वर्षानुवर्षे सुचवत राहिल्या. २०२० मध्ये नावातला 'फेअर' हा शब्द काढावा लागला.

डबीवरचा शब्द गेला, बैठकीतली नजर मात्र तीच आहे. पुढच्या वेळी घरात पाहुणे आले आणि पोह्यांच्या बशा घेऊन लेक बाहेर आली, की ताराबाईंचा सवाल आठवावा. पाहायचेच असेल तर दोघांनी एकमेकांना पाहावे.