तिसऱ्या नंबरचा उमेदवार

मी भाईंदरचा, पण सबमिशनच्या दिवसांत होस्टेलवरच पडीक. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेसाठी आयुष्यातलं पहिलं मत दिलं. निकाल लागला आणि होस्टेलवरचे दोन जिगरी रूममेट आठवडाभर एकमेकांशी बोलेनात. तिसऱ्याचं म्हणणं असं, की मत कुणालाही द्या, तो उद्या कुठल्या पक्षात असेल काय सांगावं! २०१९ नंतर दोन पक्ष फुटलेले सगळ्यांनीच पाहिले होते, त्यामुळे उत्तर कुणाकडेच नव्हतं. पुन्हा रांगेत उभं राहायचं नाही, असं मीही ठरवून टाकलं.

सुट्टीत महाडला आजोळी गेलो, तिथेही तेच रडगाणं. आजोबांनी ऐकून घेतलं आणि चिंतामणराव देशमुखांचा विषय काढला. सी. डी. देशमुख म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, एवढं जी.के.पुरतं मला ठाऊक होतं. ते महाड-रायगड रस्त्यावरच्या नाते गावचे, हे नव्हतं.

जन्म १८९६. मॅट्रिकला पहिले, मग केंब्रिज, १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेतही पहिले (आमच्यासारख्या केटीवाल्यांनी इथे थांबून नमस्कार करावा). १९४३ ला गव्हर्नर, १९५० ला केंद्रीय अर्थमंत्री, १९५२ ला कुलाब्यातून लोकसभेवर. १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करायचं घाटत होतं, आंदोलकांवर गोळीबार झाला होता. त्याचा निषेध म्हणून त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. पुढे यू.जी.सी., दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरुपद.

आणि मग १९६९. राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं निधन झालं. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, पण पंतप्रधान इंदिरा गांधींनीच सदसद्विवेकाने मत द्यायला सांगितलं, म्हणजे कल अपक्ष व्ही. व्ही. गिरींकडे. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी देशमुखांना उभं केलं. सामान्य माणसाला यात मत नव्हतंच. त्याने ज्यांना निवडून दिलं ते खासदार-आमदार एकाच पक्षाचे असून दोन बाजूंना गेले.

आता आपल्या आवडीचा भाग, आकडेमोड. हे आकडे डोक्यांचे नाहीत, मतमूल्याचे आहेत. जिंकायला हवे होते ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. कुणीच पोचलं नाही! मग मागे पडलेल्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली. त्यातली बहुतेक रेड्डींकडे गेली, तरी गिरींना हवा तेवढा वाटा मिळाला. शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. म्हणजे राष्ट्रपती कोण, हे हरलेल्यांच्या मतांनी ठरवलं. नोव्हेंबरपर्यंत काँग्रेस फुटली. पक्षफूट काही आपल्याच नशिबी आलेली नाही, असं मला तेव्हा उगाच बरं वाटलं.

ज्यांनी मुंबईसाठी मंत्रिपद सोडलं, त्यांचा तिसरा नंबर! आजोबांना ते अजून खटकतं. मला जास्त खटकलं ते हे, की एवढं होऊनही चिंतामणरावांचं काम थांबलं नाही. १९७४ ला आत्मचरित्र आलं, १९७५ ला पद्मविभूषण मिळालं. २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादला ते गेले. आणि मी एकाच निकालानंतर रांग सोडायला निघालो होतो.

१५ जानेवारी २०२६ ला आमच्या महापालिकेचं मतदान झालं. गेलो. एका प्रभागातून अनेक नगरसेवक, म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबायचं. दुसरी पसंती नोंदवायची सोय मात्र कुठेच नव्हती.