मंगळवारचा वर्ग

पॅरिसच्या साल्पेत्रिए रुग्णालयात १८८०च्या दशकात दर मंगळवारी एक वर्ग भरत असे. समोरच्या बाकांवर केवळ विद्यार्थी नसत. पदवी घेऊन स्वतःचा व्यवसाय थाटलेले डॉक्टरही तिथे येऊन बसत. कुणी व्हिएन्नाहून आलेले असे, कुणी रशियातून, कुणी लंडनहून. त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात आलेल्यांपैकी काही रुग्णांना आत आणले जाई. वर्ग घेणाऱ्या प्राध्यापकांनी या रुग्णांना त्याआधी पाहिलेले नसे. सगळ्यांच्या देखत ते रुग्णाला प्रश्न विचारत, त्याला चालायला लावत, हात पुढे धरायला सांगत आणि मग आपण निदानापर्यंत कसे पोहोचलो ते उलगडून दाखवत. निदान पक्के करता येत नसेल, तर तसे सांगायलाही ते कचरत नसत. या प्राध्यापकांचे नाव जाँ-मार्टिन शार्को. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या विकारांचे शास्त्र ज्यांच्यामुळे स्वतंत्रपणे उभे राहिले, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

शार्को यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८२५ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील घोडागाड्या बनवण्याच्या धंद्यात होते. घरात चार मुलगे आणि ऐपत बेताची. त्यामुळे अभ्यासात जो सर्वांत पुढे राहील त्यालाच उच्च शिक्षण द्यायचे, असे वडिलांनी ठरवल्याचे सांगतात. निवड जाँ-मार्टिनची झाली. मुलगा अबोल होता आणि त्याला चित्रे काढण्याचा नाद होता. हा नाद पुढे फार कामाला आला. रुग्णाची वाकलेली पाठ, आखडलेली बोटे, उतरलेला चेहरा यांची रेखाटने ते आयुष्यभर करत राहिले.

१८५३ मध्ये त्यांनी प्रबंध लिहिला तो मेंदूवर नव्हे, तर संधिवातावर. गाउट आणि जुनाट संधिवात हे दोन वेगळे आजार कसे ओळखावेत, हा त्याचा विषय होता. एकसारख्या दिसणाऱ्या दोन आजारांमधला फरक शोधायचा, ही त्यांची पुढच्या सगळ्या कामाची रीत त्या प्रबंधातच दिसते. अध्यापकपदाच्या स्पर्धा परीक्षेत १८५७ मध्ये ते अपयशी ठरले. १८६० मध्ये पुन्हा बसले आणि उत्तीर्ण झाले.

१८६२ मध्ये त्यांची साल्पेत्रिएमध्ये वरिष्ठ डॉक्टर म्हणून नेमणूक झाली. ही जागा कुणाला हेवा वाटावा अशी नव्हती. पूर्वी तिथे बंदुकीच्या दारूसाठी लागणाऱ्या सोऱ्याचे कोठार होते, त्यावरूनच हे नाव पडले. सतराव्या शतकात चौदाव्या लुईच्या काळात तिथे निराधारांसाठी आश्रयगृह उभे राहिले. शार्को रुजू झाले तेव्हा तिथे सुमारे ५,००० जणी राहत होत्या. वृद्ध, लकवा झालेल्या, फिट येणाऱ्या, मनोरुग्ण, कुणी वाली नसलेल्या अशा त्या स्त्रिया होत्या. होतकरू डॉक्टर तिथली कामाची मुदत संपवून लवकर बाहेर पडायला बघत. शार्को उमेदवारीच्या काळात तिथे राहून गेले होते आणि परत यायचे हे त्यांच्या मनाने तेव्हाच घेतले होते. इतरांना ती अडगळ वाटत होती. शार्को यांना तिथे निसर्गानेच मांडून ठेवलेला आजारांचा संग्रह दिसला.

मित्र व्यूल्पियाँ यांना सोबत घेऊन त्यांनी एकेक दालन पालथे घातले. प्रत्येक रुग्णाची तपासणी केली, टिपणे ठेवली. बऱ्याचजणी मरेपर्यंत तिथेच राहत असल्याने एकाच आजाराचा प्रवास वर्षानुवर्षे पाहता येई. मृत्यूनंतर शवविच्छेदन करून मेंदू, मज्जारज्जू आणि नसा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जात. जिवंतपणी जे दिसले त्याची सांगड मृत्यूनंतर जे सापडले त्याच्याशी घालायची, ही त्यांची पद्धत. क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता अशा त्या काळात कवटीच्या आत काय बिघडले आहे, हे कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

या पद्धतीतून हाती काय लागले, याची यादी मोठी आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार त्यांनी १८६८ मध्ये नीट मांडला. या रुग्णांचा हात काही उचलायला गेल्यावर थरथरतो, तर कंपवाताच्या रुग्णाचा हात स्वस्थ बसलेला असताना थरथरतो, हा फरक त्यांनी ठसवला. कंपवाताला पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांचे नाव द्यावे, हा आग्रहही त्यांचाच. स्नायू झिजत जाऊन शेवटी श्वासही थकतो त्या एएलएस या आजाराचे वर्णन त्यांनी १८६९ पासून केले आणि १८७४ मध्ये त्याला नाव दिले. फ्रान्समध्ये आजही तो शार्को यांच्या नावाने ओळखला जातो.

फ्रॉइड यांनी त्यांच्या मृत्युलेखात एक हकीकत नोंदवली आहे. तरुण शार्को यांना हात विचित्र थरथरणारी एक मोलकरीण भेटली. तिला कुठेच काम मिळत नव्हते. शार्को यांनी तिला घरी कामाला ठेवले. तिच्या हातून ताटल्या, बशा फुटत राहिल्या आणि ते खर्च सोसत राहिले. अखेर तिच्या मृत्यूनंतर तपासणी केली तेव्हा तो मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला. गरजू बाईला आधार आणि डॉक्टरला अभ्यासाचा विषय, या दोन्ही गोष्टी त्यात होत्या. शार्को यांच्या कामात करुणा आणि कुतूहल असे अनेकदा एकत्र येते. कधी कधी कुतूहलच वरचढ ठरते.

पक्षाघाताच्या बाबतीत त्यांचे काम आजच्या डॉक्टरांनाही जवळचे आहे. मेंदूत रक्तस्राव होऊन दगावलेल्या रुग्णांचे मेंदू त्यांनी आणि त्यांचे शिष्य शार्ल बूशार यांनी बारकाईने तपासले. मेंदूच्या खोल भागात शिरणाऱ्या केसासारख्या बारीक धमन्यांवर त्यांना मोहरीहूनही लहान फुगवटे दिसले. हे फुगवटे फुटल्याने रक्तस्राव होतो, असा निष्कर्ष त्यांनी १८६८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी असा झटका म्हणजे आकाशातून कोसळलेली वीज मानली जाई. झटका क्षणात येत असला तरी त्याची तयारी धमन्यांच्या भिंतीत कितीतरी आधीपासून चाललेली असते, हे त्यांच्या कामामुळे दिसले. या फुगवट्यांचा वाटा नेमका किती, यावर नंतर बरीच चर्चा झाली. पण याच बारीक धमन्या वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबाने कमकुवत होतात, हे आज पक्के ठाऊक आहे. शार्को यांना मात्र रक्तदाब हा दुवा जोडता आला नाही. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिवा-रोची यांचे उपकरण १८९६ मध्ये आले. तोवर शार्को हयात नव्हते.

मेंदूचा कोणता भाग शरीराच्या कोणत्या हालचाली चालवतो, हा त्या काळचा मोठा वाद होता. अर्धांगवायूचे रुग्ण आणि त्यांच्या मेंदूतली इजा यांच्या जोड्या लावून शार्को आणि त्यांचे सहकारी पित्र यांनी माणसाच्या बाबतीतला पुरावा गोळा केला. १८८१ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत फेरियर यांनी मेंदूच्या एका बाजूचा ठरावीक भाग काढलेले माकड सभेपुढे आणले. ते एक अंग ओढत चालले होते. ते पाहताच हा तर रुग्णच आहे, असे उद्गार शार्को यांच्या तोंडून निघाल्याचे सांगतात.

१८८२ मध्ये फ्रेंच सरकारने त्यांच्यासाठी मज्जासंस्थेच्या विकारांचे स्वतंत्र अध्यासन निर्माण केले. असे अध्यासन जगात पहिलेच होते. त्यांचे शुक्रवारचे व्याख्यान अगदी बेतशुद्ध असे आणि त्यासाठी मोठे सभागृह भरून जाई. फळ्यावर रंगीत खडूंनी आकृत्या काढल्या जात, पडद्यावर चित्रे पडत. आखडलेली चाल कशी असते हे शार्को स्वतः चालून दाखवत. वेगवेगळ्या आजारांच्या स्त्रियांच्या टोप्यांना लांब पिसे लावून त्यांनी थरथरीतला फरक अगदी शेवटच्या बाकावरूनही दिसेल अशी सोय केली होती. मंगळवारच्या वर्गात ही तयारी नसे. तिथे अनुभवी डॉक्टर विचार कसा करतो, कुठे अडतो, कुठे वाट बदलतो, हे दिसे. विद्यार्थ्यांनी १८८७ ते १८८९ या काळातले हे वर्ग शब्दशः टिपून घेतले आणि त्यांचे ग्रंथ छापले गेले. ऑक्टोबर १८८५ ते फेब्रुवारी १८८६ या काळात पॅरिसला आलेल्या फ्रॉइड यांनी यातल्या एका खंडाचे जर्मन भाषांतर केले. पुढे आपल्या थोरल्या मुलाचे नावही त्यांनी जाँ-मार्टिन ठेवले.

मात्र याच सभागृहात शार्को यांची मोठी चूकही घडत होती. १८७० च्या दशकापासून ते हिस्टेरियाकडे वळले. हात लुळा पडतो, झटके येतात, वाचा जाते, पण शवविच्छेदनात काही सापडत नाही, असे हे रुग्ण. त्यांना ढोंगी म्हणून हाकलून देऊ नये, हा शार्को यांचा आग्रह मोलाचा होता. हा आजार पुरुषांनाही होतो, अपघातातून वाचलेल्या कामगारांनाही होतो, हे त्यांनी दाखवले. पण इतर आजारांसारखे याचेही ठरलेले टप्पे असतात, संमोहनाने ते हवे तेव्हा दाखवता येतात आणि संमोहनाला बळी पडणे हेच या आजाराचे लक्षण आहे, असे त्यांनी ठामपणे मांडले. शुक्रवारी भरल्या सभागृहात तरुण स्त्रियांना संमोहित करून हे झटके दाखवले जाऊ लागले. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे ब्लांश विटमान. ब्रुये यांच्या १८८७ च्या गाजलेल्या चित्रात ती शुद्ध हरपून मागे झुकलेली आहे, शार्को बोलत आहेत आणि त्यांचे शिष्य बाबिन्स्की तिला सावरत आहेत.

नान्सी शहरातल्या बर्नहेम यांनी यावर बोट ठेवले. हे टप्पे आजाराचे नसून सूचनेचे आहेत, डॉक्टरांना काय हवे आहे हे रुग्णांना कळते आणि त्या तसेच वागतात, असे त्यांचे म्हणणे होते. रुग्णांना संमोहित करण्याचे काम बहुधा सहायक करत आणि प्राध्यापकांपुढे आणण्याआधी त्या रुग्णांची जणू तालीमच झालेली असे, ही टीकाही नंतर झाली. इतर आजारांत शार्को यांच्या निदानाला शवविच्छेदनाची कसोटी होती. हिस्टेरियात ती नव्हती. चूक दाखवणारा पुरावाच नसल्यावर एवढा मोठा निरीक्षकही आपल्याला हवे तेच पाहत राहिला. त्याची किंमत मोजली ती गर्दीपुढे उभ्या केलेल्या त्या बायकांनी.

अखेरच्या दिवसांत शार्को यांनी आपले सचिव गिनों यांच्याजवळ हिस्टेरियाबद्दलची आपली मांडणी कालबाह्य झाली असून ती नव्याने करायला हवी, अशी कबुली दिली होती. ती नवी मांडणी मात्र राहूनच गेली. त्यांना हृदयविकाराचा त्रास होता. शिष्यांसोबत मोर्व्हाँ भागात सहलीला गेले असताना १६ ऑगस्ट १८९३ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

राहिलेले काम चित्रातल्या त्या शिष्याने उचलले. लुळेपणा मेंदूच्या इजेमुळे आहे की हिस्टेरियामुळे, हे रुग्णाच्या खाटेपाशीच कसे ओळखावे, हा प्रश्न बाबिन्स्की यांनी धरून ठेवला. १८९६ मध्ये त्यांनी उत्तर दिले. तळव्याच्या कडेवरून टोकदार वस्तू हलकेच ओढायची. निरोगी मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. मेंदूकडून येणारा हालचालींचा मार्ग दुखावला असेल, तर तो वर उचलला जातो. हे सूचनेने घडवता येत नाही आणि ठरवून नीट वठवताही येत नाही. पुढे हिस्टेरिया हा सूचनेतून घडतो, असे मांडून बाबिन्स्की यांनी गुरूंची ती इमारत उतरवली. ब्लांश विटमान यांना शार्को यांच्यानंतर ते झटके आले नाहीत, असे सांगतात. त्या पुढे त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करत राहिल्या.

आज पक्षाघाताच्या रुग्णाचे सीटी स्कॅन काही मिनिटांत होते. योग्य रुग्ण साडेचार तासांच्या आत पोहोचला तर गुठळी विरघळवणारे औषध देता येते. शार्को यांच्याकडे यातले काहीच नव्हते. तरीही डॉक्टरांसाठी भरणाऱ्या शिक्षणवर्गांत एखादा रुग्ण समोर आणून निदानाची चर्चा होते, तेव्हा मंगळवारच्या त्या वर्गाचीच रीत पुढे चाललेली असते. स्कॅनची सोय असो वा नसो, अर्धांगवायूचा रुग्ण आला की डॉक्टर आजही त्याच्या तळव्यावरून किल्लीचे टोक ओढून अंगठा कुठे वळतो ते पाहतात.