शब्दसंपदेचा साधक : बेंजामिन फ्रँकलिन

बेंजामिन फ्रँकलिन हे नाव उच्चारताच पतंग, वीज आणि अमेरिकेचे स्वातंत्र्य या गोष्टी डोळ्यांपुढे येतात. मुद्रक, वैज्ञानिक, मुत्सद्दी आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणारे नेते म्हणून ते जगाला परिचित आहेत. या साऱ्या कर्तृत्वाला आधार होता तो त्यांच्या इंग्रजी भाषेवरील प्रभुत्वाचा. अवघी दोन वर्षे शाळेत गेलेल्या मुलाने हे प्रभुत्व कसे मिळवले, ती हकीकत मात्र विद्यार्थ्यांच्या कानांवर क्वचितच पडते.

१७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन येथे बेंजामिनचा जन्म झाला. वडील जोसाया मेणबत्त्या व साबण तयार करीत. त्यांच्या सतरा अपत्यांपैकी हा पंधरावा. मुलाने धर्मोपदेशक व्हावे या इच्छेने वडिलांनी त्याला लॅटिन शाळेत घातले; परंतु मोठ्या कुटुंबाचा भार असल्याने तो खर्च त्यांना पेलवेना. वर्षाच्या आतच त्याला लेखन व अंकगणित शिकवणाऱ्या साध्या शाळेत पाठवण्यात आले. तेथे अंकगणितात तो नापास झाला. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि वडिलांच्या दुकानात मेणबत्त्यांच्या वाती कापण्याचे काम नशिबी आले.

वाचनाची ओढ पाहून वडिलांनी त्याला बाराव्या वर्षी थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवारीला ठेवले. पुस्तकविक्रेत्यांकडील उमेदवार मुलांशी ओळख करून घेऊन तो संध्याकाळी पुस्तक उसने आणी, रात्रभर वाची आणि सकाळी दुकान उघडण्यापूर्वी परत करी. याच काळात कॉलिन्स नावाच्या मित्राशी त्याचा स्त्रीशिक्षणावर वाद झाला. बेंजामिनने मुलींच्या शिक्षणाची बाजू घेतली. वाद पुढे पत्रांतून चालला. ती पत्रे वडिलांच्या हाती पडली. मुलाचे शुद्धलेखन व विरामचिन्हे उत्तम आहेत, पण मांडणीची शिस्त, स्पष्टता आणि शैलीचा डौल यांत तो मित्राच्या मागे आहे, हे त्यांनी उदाहरणे काढून दाखवले. मुलाने रुसवा धरला नाही. आपले लेखन सुधारण्याचा त्याने निश्चय केला.

त्या सुमारास लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकातील निबंधांचा एक सुटा खंड त्याला मिळाला. त्यातील भाषेने तो भारावला. पण निबंध पाठ करीत बसला नाही. प्रत्येक वाक्याचा आशय तो दोन-चार शब्दांत टिपून ठेवी. काही दिवस जाऊ देई. मग मूळ पुस्तक न पाहता, त्या टिपणांवरून संपूर्ण निबंध स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिही. शेवटी मूळ निबंध शेजारी ठेवून चुका शोधी व सुधारी.

या ताळमेळातून त्याला आपली खरी उणीव कळली. आपला शब्दसाठा तोकडा आहे आणि जे शब्द ठाऊक आहेत तेही वेळेवर आठवत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले. त्यावर त्याने उपाय शोधला. कवितेत छंदासाठी त्याच अर्थाचा लहान-मोठा शब्द आणि यमकासाठी निराळ्या ध्वनीचा शब्द धुंडाळावा लागतो. म्हणून गद्य गोष्टी पद्यात रचायच्या आणि मूळ गद्य विसरल्यावर त्याच पद्याचे पुन्हा गद्य करायचे, असा क्रम त्याने धरला. कधी तो आपली टिपणे मुद्दाम विस्कटून ठेवी आणि काही आठवड्यांनी त्यांची योग्य क्रमाने जुळणी करी. शब्दांबरोबर विचारांची शिस्तही अशा रीतीने अंगी बाणली. या अभ्यासाला वेळ होता तो कामापूर्वीचा, कामानंतरचा आणि रविवारचा. सोळाव्या वर्षी शाकाहार पत्करून त्याने भावाकडून जेवणखर्चाची निम्मी रक्कम रोख मागून घेतली आणि तिच्यातूनही निम्मी वाचवून पुस्तके घेतली. ज्या अंकगणिताने शाळेत पाणी पाजले होते, तेही स्वतः पुस्तक वाचून शिकून टाकले.

१७२२ मध्ये त्याने एका विधवेच्या टोपणनावाने चौदा पत्रे लिहिली. पहिले पत्र रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवले. भावाच्या मित्रांना लेखन आवडले. लेखक कोण याचे तर्क सुरू झाले, तेव्हा गावातील नामवंत विद्वानांचीच नावे पुढे आली. लेखक शेजारीच काम करीत उभा होता!

पुढे भावाशी न पटल्याने १७२३ मध्ये बेंजामिनने बोस्टन सोडले. फिलाडेल्फियात त्यांनी स्वतःचा छापखाना उभारला, वृत्तपत्र चालवले आणि १७३१ मध्ये वर्गणीदारांचे ग्रंथालय स्थापन केले. एरवी पुस्तक विकत न घेणारी साधी माणसेही त्यांचे ‘पुअर रिचर्ड’ हे पंचांग घेत. विजेचे प्रयोग करताना धन, ऋण आणि बॅटरी या अर्थांचे इंग्रजी शब्द त्यांनी विद्युत्शास्त्रात रूढ केले. शब्दांचा तुटवडा जाणवलेल्या मुलाने एका शास्त्राला शब्द दिले.

१७३३ पासून त्यांनी फ्रेंच, इटालियन व स्पॅनिश या भाषांचा अभ्यास केला. इटालियन शिकणाऱ्या मित्राबरोबर बुद्धिबळ खेळताना जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला व्याकरणाचे पाठांतर किंवा भाषांतर नेमून द्यायचे, असा करार होता. या भाषांनंतर लॅटिन ग्रंथ उघडला, तेव्हा तो अपेक्षेपेक्षा सोपा वाटला. भाषाशिक्षणात जवळच्या पायरीवरून वर चढावे, एकदम शिखराला हात घालू नये, असे त्यांचे मत बनले.

त्या काळी लॅटिन ही प्रतिष्ठेची भाषा होती, तर इंग्रजी ही घरची, मातृभाषा. फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने फिलाडेल्फियात जी विद्याशाळा १७५१ मध्ये सुरू झाली, तिच्यातील इंग्रजी शाळेचा आराखडा त्यांनीच लिहिला. प्रत्येक मुलाजवळ इंग्रजी शब्दकोश असावा, मुलांनी एकमेकांना पत्रे लिहावीत, कधी पद्यरचनाही करावी, कवी होण्यासाठी नव्हे तर शब्दांचे वैविध्य हाती यावे म्हणून, अशी त्यांची योजना होती. बोस्टनच्या उमेदवाराचा रात्रीचा अभ्यासच येथे पाठ्यक्रम झाला होता.

परंतु विश्वस्तांच्या बहुमताने लॅटिन शिक्षकाला वीस मुलांसाठी दोनशे पौंड आणि इंग्रजी शिक्षकाला चाळीस मुलांसाठी शंभर पौंड ठरले. मातृभाषेची शाळा क्रमाने दुर्बल होत गेली. फ्रँकलिन यांच्या मनात हा सल कायम राहिला. १७८९ मध्ये, आजाराने जर्जर असताना, त्यांनी या उपेक्षेविरुद्ध सविस्तर निवेदन लिहिले. पुढच्याच वर्षी, १७ एप्रिल १७९० रोजी, त्यांचे निधन झाले. ती विद्याशाळा आज पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.

त्यांच्या काळी लॅटिनला जे स्थान होते, ते आज आपल्याकडे इंग्रजीला आहे. मराठी माध्यमातील पाल्याचे इंग्रजी कच्चे राहील काय, ही पालकांची चिंता म्हणूनच खोटी नाही. फ्रँकलिन यांचे चरित्र त्या चिंतेला एक वाट दाखवते. शब्दांच्या लांब याद्या पाठ करून शब्दसंपदा वाढत नाही. समजलेला आशय पुन्हा स्वतःच्या शब्दांत मांडावा, मुळाशी ताडून पाहावा आणि चूक आपल्या हाताने दुरुस्त करावी, म्हणजे शब्द आपले होतात. आशय नेमका समजण्याची आणि नेटका मांडण्याची सवय मात्र आधी घरच्या भाषेत लागावी लागते. ती पहिली पायरी ज्याची पक्की, त्याला पुढचा जिना चढणे अवघड नाही.