साथीच्या वाद्याचा कैवारी

पाश्चात्त्य वाद्यवृंदात व्हायोलिनवादकांच्या जवळच व्हायोलावादक बसतात. परंतु सामान्य श्रोत्याचे लक्ष त्यांच्याकडे सहसा जात नाही. व्हायोला दिसायला व्हायोलिनसारखाच. आकाराने थोडा थोरला आणि स्वराने पंचमाने खालचा. मुख्य सुरावट व्हायोलिनने गावी, खर्ज चेलोने सांभाळावा आणि मधली पोकळी व्हायोलाने मुकाट्याने भरावी, अशी वाटणी दीर्घकाळ चालत आली होती. आपल्याकडे सारंगीच्या वाट्याला साथीदाराचे जे जिणे आले, त्याच जातीचे हे जिणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर व्हायोलिनवर ज्याचा निभाव लागत नाही त्याने व्हायोला हाती धरावा, असा प्रघातच पडला होता. तो मोडण्यासाठी ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, ते इंग्लंडचे वादक म्हणजे लायोनेल टर्टिस.

२९ डिसेंबर १८७६ रोजी वेस्ट हार्टलपूल या बंदराच्या गावी एका स्थलांतरित ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. चेलोला एकलवादनाची प्रतिष्ठा मिळवून देणारे पाब्लो कासाल्स त्याच दिवशी स्पेनमध्ये जन्मले, हा योगायोग बोलका आहे. टर्टिस यांचे बालपण लंडनच्या पूर्व भागातील गरिबांच्या वस्तीत गेले. तेराव्या वर्षी घर सोडून पियानो वाजवीत त्यांनी पोट भरले आणि त्याच कमाईतून लंडन व लायप्झिग येथे संगीताचे शिक्षण घेतले. लंडनच्या रॉयल अकॅडमीत ते व्हायोलिन शिकत असताना पर्सी हिल्डर माइल्स या सहाध्यायाला चौघांच्या तंतुवाद्यमेळासाठी व्हायोलावादक हवा होता. टर्टिस यांनी वाद्य हाती घेतले, आणि पुढे ते सुटले नाही. शिकवायला जाणता गुरू नव्हता. त्यांनी आपली बहुतेक विद्या स्वतःच्या कानाने आणि हाताने घडविली. व्हायोलाने वरच्या स्वरांत जाऊच नये, असे मानणाऱ्यांचा रोषही पत्करला. हेन्री वुड यांच्या वाद्यवृंदातील व्हायोलावादकांचे प्रमुखपद मिळाले असतानाही १९०४ मध्ये त्यांनी ते सोडले. एकलवादनाच्या अनिश्चित वाटेवर पाऊल टाकण्याचे हे धाडस लहान नव्हते.

परंतु एकट्याने वाजवायचे म्हटले तरी वाजवायचे काय? व्हायोलासाठी रचना नव्हत्या. वादक नाहीत म्हणून रचना नाहीत आणि रचना नाहीत म्हणून वादक नाहीत, असे हे दुष्टचक्र होते. टर्टिस यांनी ते दोन्ही बाजूंनी फोडले. अकॅडमीत अध्यापक या नात्याने त्यांनी शिष्य घडविले. रिबेका क्लार्क आणि एरिक कोट्स हे त्यांपैकीच, आणि पुढे दोघेही संगीतकार म्हणून नावारूपाला आले. दुसरीकडे तरुण संगीतकारांच्या मागे लागून त्यांनी रचना लिहवून घेतल्या. यॉर्क बोवेन यांचा कंचेर्टो त्यांनी १९०८ मध्ये सादर केला. व्हॉन विल्यम्स यांनी १९२५ व १९३४ मध्ये त्यांच्यासाठी दोन मोठ्या रचना सिद्ध केल्या. एल्गार यांच्या चेलो कंचेर्टोचे त्यांनी व्हायोलासाठी रूपांतर केले, तेव्हा १९३० मध्ये खुद्द एल्गार यांनी त्याचे संचालन केले.

एवढे असूनही त्यांच्या हातून एक मोठी चूक घडली. सत्तावीस वर्षांच्या विल्यम वॉल्टन यांनी व्हायोलासाठी कंचेर्टो लिहून तो त्यांच्याकडे पाठविला. ज्या कृतीची आयुष्यभर वाट पाहिली ती दाराशी आली असता, आधुनिक शैली न रुचल्यामुळे टर्टिस यांनी ती नाकारली. १९२९ च्या ऑक्टोबरात जर्मन संगीतकार पाउल हिंडेमिट यांनी ती लंडनमध्ये प्रथम वाजविली. ती ऐकल्यावर टर्टिस यांना आपली चूक उमगली. अशा वेळी बहुतेक प्रतिष्ठित माणसे आपलेच मत खरे कसे होते, हे सांगत राहतात. टर्टिस यांनी पुढच्याच वर्षी ती कृती स्वतः सादर केली आणि आपल्या अदूरदृष्टीची उघड कबुली दिली.

उजव्या हाताच्या दुखण्याने १९३७ मध्ये त्यांना निवृत्ती जाहीर करावी लागली. त्या अखेरच्या मैफलीसाठी निवडलेल्या दोन कृती ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक बर्लिओझ यांची ‘हॅरॉल्ड इन इटली’. जिच्यात आपल्या कसबाला पुरेसा वाव नाही म्हणून पागानिनी यांनी ती वाजविली नव्हती. दुसरी वॉल्टन यांची. जी टर्टिस यांनीच झिडकारली होती. म्हणजे निरोप घेताना त्यांनी आपल्या चुकीलाच मानाचे पान दिले.

तेथेही ते थांबले नाहीत. सतरा इंचांहून अधिक लांबीचा त्यांचा जुना इटालियन व्हायोला भरदार वाजे; पण तो पेलणे सर्वांना शक्य नव्हते, आणि लहान व्हायोलात खर्जाचा नाद घुसमटे. वाद्यकारागीर आर्थर रिचर्डसन यांच्या साहाय्याने त्यांनी पावणेसतरा इंचांचा, हाताला सुकर आणि नादाला पुष्ट असा नवा नमुना सिद्ध केला. अनेक देशांतील कारागिरांनी त्याबरहुकूम वाद्ये घडविली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते स्वतःही पुन्हा व्यासपीठावर आले आणि १९६४ पर्यंत वाजवीत राहिले.

२२ फेब्रुवारी १९७५ रोजी वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९८० पासून आइल ऑफ मॅन बेटावर त्यांच्या नावाने व्हायोलावादकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. उपेक्षितांचा कैवार घेणारे पुष्कळ असतात. परंतु कैवारी स्वतः प्रस्थापित झाला की दाराशी आलेल्या नव्याची त्याच्याकडून उपेक्षा होते, हाही जगाचा अनुभव आहे. टर्टिस यांचेही पाऊल त्या वाटेवर पडले होते. ते त्यांनी वेळीच मागे घेतले. शिक्षकाच्या थोरवीची याहून कठीण कसोटी कोणती असू शकेल?