चेहरे वाचणारा माणूस : चार्ल्स डार्विन

व्हायवाला आत जाण्याआधी आपण सगळेच एक काम न चुकता करतो. आधीचा रोल नंबर बाहेर आला की त्याचं तोंड बघतो. त्याने काही सांगायच्या आतच कळतं, आत एक्स्टर्नल कसा बसलाय ते! मेसमध्ये आज भाजी कोणती हे विचारावं लागत नाही; जेवून उठलेल्यांकडे एक नजर टाकली की पुरे. चेहरा वाचायचा हा विषय आपल्याला कुठल्या सेमिस्टरला होता? कुठल्याच नाही. मग तो आपल्याला येतो कसा? हा साधा प्रश्न ज्याने तीसेक वर्षं डोक्यातून जाऊ दिला नाही, त्या चार्ल्स डार्विनची ही ओळख.

डार्विनचा जन्म 12 फेब्रुवारी 1809 रोजी इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावी झाला. वडील नावाजलेले डॉक्टर. मुलानेही डॉक्टरच व्हायचं, हे ठरलेलं. (ओळखीचं वाटतंय ना?) 1825 मध्ये त्याला एडिनबरोला पाठवलं. तेव्हा भुलीचं औषध निघालेलं नव्हतं. एका लहान मुलाची शस्त्रक्रिया चाललेली पाहून हा तिथून जो पळाला, तो पुन्हा त्या खोलीत गेला नाही. मग वडिलांनी त्याला पाद्री करायचं ठरवून केंब्रिजला घातलं. तिथे अभ्यास बेताचाच, पण किडे-भुंगेरे गोळा करण्याचा नाद मात्र जबरदस्त. आजच्या भाषेत सांगायचं तर स्वारीची दोनदा ब्रँच चुकली होती!

1831 मध्ये बीगल जहाजावरून जगप्रवासाची संधी आली, तर तीही एका चेहऱ्यापायी हुकता हुकता वाचली. कप्तान फिट्झरॉय नाकाच्या ठेवणीवरून माणसाचा स्वभाव ओळखणाऱ्यांपैकी होता. डार्विनचं नाक पाहून त्याला वाटलं, हा पोरगा एवढा लांबचा प्रवास झेपवणार नाही. सुदैवाने त्याने नंतर मत बदललं. पाच वर्षांची सफर संपवून डार्विन 1836 मध्ये परतला. नाकावरून माणूस कळत नाही हे त्याने स्वतःच सिद्ध केलं. मात्र चेहऱ्याच्या हालचालींवरून काय कळतं, हा प्रश्न त्याच्या मनात पुढे घर करून राहिला.

1838 च्या मार्चमध्ये तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेला. तिथे जेनी नावाची ओरांगउटानची मादी होती. राखणदाराने तिला सफरचंद दाखवलं, पण दिलं नाही. झालं! जेनीने जमिनीवर लोळण घेतली, पाय झाडले, हट्टी पोरासारखं रडणं सुरू केलं. रडं थांबवलंस तर सफरचंद देईन, असं राखणदाराने सांगितल्यावर ती गप्प झाली. सफरचंद मिळालं तशी खुर्चीत चढून बसली आणि तृप्त चेहऱ्याने खाऊ लागली. पुढे डार्विनने दोन लहान ओरांगउटानांपुढे आरसा ठेवला. ती आश्चर्याने बघत राहिली, ओठ पुढे काढून जवळ गेली, तोंडं वेडावली, आरशामागे कोण आहे तेही पाहून आली आणि शेवटी चिडून तोंड फिरवून बसली. आरशातलं तोंड आपलंच आहे हे चिंपांझींना कळतं, असं गॅलप या शास्त्रज्ञाने प्रयोगाने दाखवायला 1970 साल उजाडावं लागलं.

त्या काळी चार्ल्स बेल या मोठ्या शरीरशास्त्रज्ञाचं मत असं होतं की, भावना दाखवण्यासाठी देवाने माणसाला काही खास स्नायू दिले आहेत. डार्विनला हे पटेना. तसेच स्नायू माकडांनाही असतील, तर ते खास माणसासाठी कसे? म्हणजे प्रश्न नुसता आठ्यांचा आणि हसण्याचा नव्हता. माणूस बाकीच्या प्राण्यांपासून वेगळा घडवलेला की त्यांचाच नातेवाईक, हे त्यावर ठरणार होतं. असा विचार उघड बोलणं त्या काळी सोपं नव्हतं.

1839 च्या डिसेंबरात पहिला मुलगा विल्यम जन्मला आणि प्रयोगशाळा घरीच आली. बाप वही घेऊन पाळण्याशी बसला. बाळ खरं खरं हसलं 45 व्या दिवशी. सहा महिन्यांचं असताना दाईने रडण्याचं नाटक केलं, तर बाळाच्या ओठांचे कोपरे लगेच खाली ओढले गेले. मोठं माणूस रडताना त्याने फारसं पाहिलेलं नसताना हे त्याला कुणी शिकवलं? उपजतच असणार, असं डार्विनने मानलं.

पण हे घर नेहमीच हसतं राहिलं नाही. लाडकी मुलगी अॅनी 23 एप्रिल 1851 रोजी वयाच्या दहाव्या वर्षी गेली. आजारपणात डार्विन तिच्या उशाशी होता. आठवड्याभरातच त्याने तिच्या आठवणी, तिचा आनंदी चेहरा, तिच्या लकबी कागदावर उतरवून ठेवल्या. त्या फक्त घरच्यांसाठी होत्या.

1867 मध्ये त्याने हावभावांबद्दलची 16 प्रश्नांची एक यादी छापून जगभर पाठवली. त्यातली काही उत्तरं आपल्याकडून गेली आहेत! कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या स्कॉट यांनी दिलेली माहिती त्याला सर्वांत मोलाची वाटली. मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर जिल्ह्यातून (आजचं अहिल्यानगर) अर्स्किन नावाच्या साहेबांनी मात्र अडचण कळवली. इथले लोक गोऱ्या साहेबासमोर मनातलं चेहऱ्यावर दिसूच देत नाहीत! रेक्टरसमोर उभं राहायची सवय असलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी आणखी एक गंमत. फ्रान्समधल्या द्युशेन नावाच्या डॉक्टरने चेहऱ्याची संवेदना कमी झालेल्या एका म्हाताऱ्याच्या स्नायूंना विजेचा सौम्य प्रवाह देऊन त्याच्या चेहऱ्यावर निरनिराळे भाव आणले आणि त्यांचे फोटो 1862 मध्ये प्रसिद्ध केले. खालचा मजकूर वाचत फोटो पाहिले की सगळे अगदी बरोबर वाटायचे. पण डार्विनला शंका आली. त्याने मजकूर न दाखवता ते वीसहून अधिक जणांपुढे ठेवले. काही भाव जवळजवळ सगळ्यांनी ओळखले, काहींवर मात्र प्रत्येकाचं उत्तर वेगळं. उत्तर आधी पाहून गणित सोडवलं की ते सुटतंच, हे त्याला कळत होतं.

हे सगळं त्याने 1872 मध्ये माणूस आणि प्राण्यांच्या भावदर्शनावरच्या पुस्तकात मांडलं. पहिल्याच दिवशी पाच हजारांवर प्रती खपल्या. त्यात एका काळ्या माकडाचं चित्र आहे. कुरवाळल्यावर ते खूश होऊन दात दाखवतं, पण माहिती नसलेल्याला ते खूश आहे असं वाटणारच नाही. उलट ऱ्हीसस माकड दात विचकतं ते बऱ्याचदा भीतीने किंवा वरचढापुढे नमतं घेताना. तेव्हा माकडाने दात दाखवले की ते हसतंय असं समजून फोटोसाठी जवळ जाऊ नका!

डार्विनचं सगळंच बरोबर ठरलं असं नाही. भावनांचे चेहरे जगभर कितपत सारखे, यावर शास्त्रज्ञ आजही भांडतात. पण रस्ता त्याने दाखवला. 1978 मध्ये एकमन आणि फ्रीसन यांनी चेहऱ्याच्या प्रत्येक हालचालीला क्रमांक देणारी पद्धत केली. 2007 मध्ये तशीच चिंपांझींसाठी झाली. 2006 मध्ये मकाक माकडांच्या मेंदूत असा एक भाग सापडला की, तिथल्या जवळजवळ सगळ्या पेशी चेहरा दिसला की जाग्या होतात. आपला मोबाइल आज चेहरा पाहून उघडतो, पण तो चेहरा रडवेला आहे की नाही याची त्याला पर्वा नसते.

डार्विनला ती होती. त्याच पुस्तकात त्याने आगगाडीत समोर बसलेल्या एका वृद्ध बाईबद्दल लिहिलं आहे. तिचा चेहरा शांत होता, फक्त ओठांचे कोपरे किंचित खाली ओढले गेले. याला काही अर्थ नसावा, असं त्याच्या मनात येतं न येतं तोच तिचे डोळे भरून आले. तिला एखादं फार पूर्वी गमावलेलं मूल आठवलं असावं, असा त्याने अंदाज केला. तिला त्याने विचारलं नव्हतं. पण अॅनीला जाऊन तेव्हा वीस-एक वर्षं झाली होती, हे आपल्याला ठाऊक आहे.

19 एप्रिल 1882 रोजी डार्विन गेला. त्याच्याकडून घेण्यासारखं एवढंच : समोरच्याकडे नीट बघायचं. शेजारच्या खोलीतला मित्र सगळं मजेत आहे म्हणतो, तेव्हा एकदा त्याच्या ओठांच्या कोपऱ्यांकडे बघा. आणि मग, डार्विनने जे केलं नाही तेही करा. त्याला विचारा.