हिंगण्याचे अण्णा

स्त्रियांच्या मंडळाच्या स्मरणिकेत बहुधा एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र वाचावयास मिळते. आज येथे एका पुरुषाची हकीकत सांगावयाची आहे. तो पुरुष म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांचे नाव ठाऊक नाही असे घर महाराष्ट्रात विरळा. पण थोर माणसांचे पुतळे डोळ्यांपुढे राहतात आणि त्यांचा रोजचा संसार विसरला जातो. अण्णा हे आधी एक साधे शाळामास्तर होते. त्यांच्या कार्याची किंमत त्यांनी एकट्यांनी नव्हे, तर त्यांच्या आईने, भावाने आणि पत्नीनेही मोजली. त्या संसाराची ही हकीकत आहे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. घर मुरूडचे, दापोली तालुक्यातले. वडील केशवपंत, आई लक्ष्मीबाई. घरची गरिबी, पण मुलाने शिकावे ही आईवडिलांची हौस मोठी. सतराव्या वर्षी परीक्षेस बसण्यासाठी अण्णा सोबत्यांबरोबर भर पावसात कुंभार्ली घाट चढून साताऱ्यास पायी गेले. ती वाट शंभर मैलांहून अधिक होती. तेथे पोहोचल्यावर, मुलगा वयाने लहान दिसतो एवढ्या कारणासाठी त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. दुसरा एखादा हिरमुसून घरी बसला असता. अण्णा पुन्हा अभ्यासास लागले. १८८१ साली ते मॅट्रिक झाले आणि १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाले.

मग मुंबईत मास्तरकी सुरू झाली. पहाटे उठावे, शिकवण्यांना पायी जावे, दिवसा शाळांतून गणिताचे तास घ्यावेत, संध्याकाळी पुन्हा शिकवण्या, असा त्यांचा क्रम असे. पत्नी राधाबाईंना त्यांनी स्वतः लिहावयास-वाचावयास शिकविले. गावाकडची आठवण सुटली नव्हती. मिळकतीतील काही भाग नेमाने बाजूस काढून गावच्या सुधारणेसाठी त्यांनी मुरूड फंड उभा केला. ही गोष्ट वाचकभगिनींनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे त्याच गावाने त्यांना काय दिले ते यावयाचे आहे.

बिऱ्हाडात त्यांचे मित्र नरहरपंत जोशी हेही असत. नरहरपंतांची बहीण गोदूबाई देवरुखची. ती आठव्या वर्षी विधवा झालेली. लग्न म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच तिचे कुंकू गेले होते. तीही या बिऱ्हाडात राहावयास आली. पुढे पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा त्यातील पहिली विधवा विद्यार्थिनी हीच गोदूबाई.

१८९१ हे साल अण्णांच्या आयुष्यात फिरवाफिरवीचे ठरले. राधाबाई वारल्या; मुलगा रघुनाथ अवघा नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्याचे बोलावणे आले. लोकमान्य टिळकांनी कॉलेज सोडल्यावर ती जागा मोकळी झाली होती. अण्णा पुण्यास आले ते १९१४ पर्यंत तेथेच शिकवीत राहिले.

पुन्हा लग्न करावे असे जो तो सांगू लागला. तिशी ओलांडलेल्या विधुराला दहाबारा वर्षांची मुलगी सहज मिळे आणि त्यात कोणास वावगे वाटत नसे. अण्णांनी मात्र मनाशी ठरविले की करावयाचे तर विधवेशी, नाही तर लग्नच नको. गोदूबाईंच्या वडिलांची संमती मिळाली आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सारा आश्रम त्यांना बाया म्हणू लागला.

आता नवी सून घरी न्यावयाची होती. सासरची भेट म्हणजे केवढा सोहळा, हे आपणांस सांगावयास नको. ओटी भरावयाची, देवदर्शन करावयाचे, थोरामोठ्यांच्या पाया पडावयाचे. त्या काळी पुण्याहून कोकणात जावयाचे तर रेल्वेने बोरघाट उतरून मुंबई गाठावी आणि तेथून आगबोटीने पुढे जावे, ही सोयीची वाट होती. घाटातील लोहमार्ग १८६३ साली सुरू झालेला. आपल्या कर्जत स्टेशनावर घाट उतरून आलेल्या गाड्यांतून अशी किती कोकणी कुटुंबे माहेरी-सासरी गेली असतील!

मुरूडला या जोडप्याचे स्वागत निराळ्याच रीतीने झाले. गावकऱ्यांनी बैठक भरवून बहिष्कार पुकारला. शिक्षा एकट्या अण्णांना असती तर त्यांनी ती हसत सोसली असती. पण जो त्यांना जवळ करील तोही वाळीत पडावयाचा होता. थोरल्या भावाने भावाला घरात घ्यावे तर त्याच्या मुलाबाळांची लग्नकार्ये अडतील. आईने मुलाला पानावर बसवावे तर तिच्या घरी भटजी येणार नाही, शेजारीण पाणी घेणार नाही. ज्या गावासाठी पै पै बाजूस काढली, त्या गावात स्वतःच्या घराचा उंबरठा परका झाला.

आई वाईट नव्हती, भाऊही दुष्ट नव्हता. दोघांचा अण्णांवर जीव होता. पण वाळीत पडलेल्या घराचे काय होते, ते खेड्यात राहणाऱ्यांनाच समजते. विहिरीवर, देवळात, बारशाला आणि मर्तिकाला माणसाला माणूस लागते. म्हणून अण्णांनी घरच्यांना दोष दिला नाही, गावावरही राग धरला नाही. आपल्यापायी घरच्यांना त्रास नको, अशीच त्यांची वागणूक राहिली. बायांच्या मनास मात्र काय वाटले असेल? आठव्या वर्षी एक सासर गेले, आणि एवढ्या धैर्याने मिळविलेल्या दुसऱ्या सासरचे दार हे असे लागले.

या अनुभवातून अण्णांनी एक गोष्ट ओळखली असावी. पुनर्विवाहाचे धैर्य थोड्यांनाच व्हावयाचे. त्यासाठी त्यांनी १८९३ साली एक मंडळीही स्थापन केली होती. पण ज्या हजारो मुली केशवपन होऊन घराच्या कोपऱ्यात राबत होत्या, त्यांना आधी शिक्षण हवे, स्वतःच्या पायांवर उभे राहता यावयास हवे. म्हणून १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. रावबहादूर गोखले यांनी जागा दिली आणि तेथे एक झोपडी उभी राहिली.

मग सुरू झाला तो नित्यक्रम. दिवसभर कॉलेजात गणित शिकवावे, संध्याकाळी चार मैल चालत हिंगण्यास जावे. रस्ता धड नाही, पावसाळ्यात चिखल. आश्रमाला लागणारे सामान हाती असे. रात्री मुलींना शिकवावे, तेथेच निजावे आणि सकाळी पुन्हा चालत पुण्यास यावे. असे दिवस नव्हे, महिने नव्हे, वर्षे गेली.

आणि त्यांचे स्वतःचे घर? ते बायांनी चालविले. शिल्लक पडलेला पैसा अण्णा आश्रमास देत. मग मुलांच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न बायांपुढे उभा राही. त्या स्पष्टवक्त्या होत्या. रुसत, भांडत, बोलून दाखवीत. त्यात त्यांचे काही चुकत नव्हते. थोर माणसाची पत्नी म्हणून लोक नमस्कार करतात, पण वाण्याची उधारी नमस्काराने फिटत नाही. त्यांनी सुईणीचे काम शिकून घेतले, घरी पैसे घेऊन मुले जेवावयास ठेवली आणि रघुनाथासह चार मुलगे वाढविले. आपली ही सारी कथा त्यांनी ‘माझे पुराण’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. प्रत्येकीने ती वाचावी.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. तीही विधवा, पदरी एक मुलगा. ती बहिणीकडे आली ती आश्रमाचीच झाली. आधी विद्यार्थिनी, मग शिक्षिका, पुढे आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागणारी कार्यकर्ती. इंग्रजी फारसे येत नसताना ती १९१८ साली अमेरिकेसही गेली. मुरूडचे दार बंद झाले, पण अशा कितीतरी जणींना हिंगण्याचे दार उघडे मिळाले. ज्यांना माहेर उरले नव्हते त्यांना ते माहेर झाले.

पुढचे तर सर्वांस ठाऊक आहे. १९०७ साली महिला विद्यालय, १९१६ साली स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ, १९२० साली त्याला ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षणाचे काम हाती घेतले आणि त्यासाठी दारोदार फिरले. १९५० साली बाया गेल्या. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, अण्णांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी देह ठेवला. हिंगण्याच्या त्या माळाला आज कर्वेनगर म्हणतात आणि तेथे हजारो मुली शिकतात.

भगिनींनो, आज वाळीत टाकणे कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्रात तसा कायदा २०१६ साली झाला. पण हळदीकुंकवाच्या दिवशी शेजारच्या घरातील एखादी विधवा आत बसून राहते आणि आपण तिला हाक मारावी की नाही याचा विचार करीत दारातच घुटमळतो. अण्णांचे स्मरण करावयाचे तर हार घालण्यापूर्वी तेवढे दार ठोठवावे. पुढच्या संक्रांतीला आपल्या आळीत असे एकही दार वगळू नये, एवढे या वर्षी मंडळाने ठरविले तरी पुष्कळ झाले.